लाल्या आणि तीनशिंग्या

या वर्षी आमच्या कॉलनीत पुन्हा पाण्याचे टँकर यायला लागले, आणि त्याच आठवड्यात माझ्या भाचीनं माझ्या जेवायच्या टेबलावर एक कवटी आणून ठेवली.

पाठपिशवीतून काढली, स्वेटरची गुंडाळी सोडली आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून म्हणाली, "मावशी, बघ ना, किती गोड आहे!" गोड म्हणजे काय, तर पोपटासारखी चोच, मानेमागं सुपासारखं पसरलेलं हाड, सुपाच्या कडेला करवतीसारखे दाते आणि डोळ्यांवर बोटाएवढी दोन शिंगं. मी बँकेत आयुष्य काढलेली बाई. घरात शाकाहारी पाहुणे आले तर त्यांच्यासमोर विज्ञाननिष्ठेवर बोलणारी. मी काय म्हणावं? मी ओरडले, "हाड आहे ते! आधी उंबऱ्याबाहेर काढ!"

मित्रा, म्हणजे माझी भाची, हसून बेजार झाली. ती जुन्या प्राण्यांच्या हाडांवर संशोधन करते, त्यामुळं लोकांच्या किंकाळ्यांची तिला सवय आहे. "मावशी, हाड नाही गं, साचा आहे. खऱ्या कवटीवरून काढलेला, मापानं लहान केलेला. खरी असती तर मी अशी पाठीवर टाकून रेल्वेनं नांदेडला आले असते का?"

पटलं. तरी कवटी दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर गेली. पटणं आणि ऐकणं या दोन गोष्टी आमच्या घराण्यात वेगवेगळ्या राहतात.

ओरडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तो आवाज माझा नव्हताच. तो आबांचा होता. आबा म्हणजे आमचे आजोबा. ते जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा हा एक नियम माझ्या घशात राहून गेला आहे: या घरात हाड येणार नाही. मटणातल्या हाडाला सूट होती आणि ती सूट आम्ही दर रविवारी आनंदानं वापरायचो. नियम होता तो मेलेल्या गुराच्या हाडाचा.

त्यामागं काय होतं, ते थोडक्यात सांगते. थोडक्यात सांगणं मला जमत नाही असं घरचे म्हणतात, पण बघू. गावातलं मेलेलं जनावर ओढायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्या वस्तीवर लादलेलं होतं. दीक्षा घेतली त्या वर्षी आबांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी ओढायचा दोर गावाच्या शिवेवर टाकला आणि इमान दिलं की आजपासून मेलेल्या जनावराला हात लागणार नाही. गावानं मग त्यांचं धान्य बंद केलं, काम बंद केलं. तेव्हा घरात काय शिजत होतं हे आबांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "दोर टाकला, तवा हात हलके झाले."

हा नियम एकदा अडचणीत आला तो एका डायनासोरमुळं. आमच्याच घरात हे होऊ शकतं.

आमचं गाव चाकूरच्या बाजूचं. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि पाऊस जुना जुना होऊन गेला होता. नवा जिल्हा म्हणजे काय हे आम्हाला कळत नव्हतं, पण अभिमान भरपूर होता. शाळेच्या फळीवर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहिलं, तर घाईत रंग पातळ झाला आणि खालून जुनं नाव डोकावत राहिलं. लातूरला जाऊन आलेले लोक सांगायचे की कचेऱ्या उघडल्यात, पण एका कचेरीत खुर्च्या आहेत तर टेबलं नाहीत आणि दुसरीत टेबलं आहेत तर साहेब नाही. आम्हाला वाटायचं, जिल्हा म्हणजे मोठ्या जिल्ह्यासारखंच सगळं, फक्त लहान. कोवळी गोष्ट ही पिकल्या गोष्टीची छोटी प्रत नसते, हे कळायला मला पुढं एक कवटी लागली.

त्या दुष्काळाचा वास मला अजून येतो. तापलेल्या पत्र्याचा, कडब्याच्या धुळीचा, आणि तलावाच्या उघड्या पडलेल्या तळाचा, ओल्या-सुक्याच्या मधला. रोजगार हमीवर तलावातला गाळ काढायचं काम निघालं होतं. आई तिथं पाट्या उचलायची. तिच्या शेजारीच गावातले जमीनवाले शेतकरीही कुदळ मारायचे, कारण आभाळानं सातबारा विचारला नव्हता. गायरानात गुरांचे सापळे पडले होते. लांबून ते पांढरं काही तरी उगवल्यासारखं दिसायचं. हाडं गोळा करणारा ट्रक अधूनमधून येई. ती हाडं मुदखेडच्या स्टेशनावरून मालगाडीत भरून कुठल्याशा कारखान्यात जातात आणि त्यांचं खत होतं, असं लोक सांगायचे.

वडील कंधारला नोकरीला होते, महिन्याकाठी यायचे. एका खेपेला त्यांनी रद्दीतून एक इंग्रजी पुस्तक आणलं. मुखपृष्ठ गेलेलं, मधली पानं वाळवीनं खाल्लेली. त्यात एका प्राण्याचं चित्र होतं. गेंड्याचं अंग, पोपटाची चोच, मानेमागं ढाल आणि तोंडावर तीन शिंगं. नाव आम्हाला वाचता येईना. माझ्या मोठ्या बहिणीनं, आक्कानं, त्याचं नाव ठेवलं तीनशिंग्या. पुढं कळलं की शास्त्रज्ञांनी त्याचं जे लांबलचक नाव ठेवलंय, ट्रायसेराटॉप्स, त्याचा अर्थही जवळपास हाच. आक्कानं त्यावर आयुष्यभर भाव खाल्ला आहे.

आक्का नववीत होती. नव्या जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन लातूरला भरणार होतं. बाकीच्या मुलांनी सूर्यचूल, ज्वालामुखी वगैरे ठरवलं. आक्कानं ठरवलं: शिंग कसं वाढतं. माझी आक्का अशी की तिला एखादी गोष्ट दिसली की तिच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे. आईचा स्टोव्ह तिनं तीनदा उघडला होता, आणि दोनदा परत जोडलाही होता.

"तीनशिंग्या मरून लई जमाना झाला," ती म्हणाली. "त्याचं शिंग आतून कसं व्हतं, ते कोण सांगणार? मग जो जवळ हाय त्याचं बघू. बैलाचं." तिची योजना अशी: मध्ये एका खऱ्या बैलाची कवटी, एका बाजूचं शिंग उघडून दाखवलेलं, आणि भोवती तीनशिंग्याची मातीची तीन डोकी. पिल्लू, तरणा आणि थोराड.

आजही मला वाटतं, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं, वाचता न येणाऱ्या पुस्तकावरून, दुष्काळात बसून असा विचार करावा, ही केवढी मोठी गोष्ट! पण त्या दिवशी ती गोष्ट मोठी आहे असं कुणालाच वाटलं नाही. कारण तिनं 'बैलाची कवटी' हे शब्द आबांसमोर उच्चारले होते.

आबा ओट्यावर बसले होते. ते आक्काकडं वळून बसले. मग म्हणाले, "आक्के, कवटी कुठून आणणार?"

"गायरानात पडल्यात की आबा. पोत्यात घालून आणते."

"न्हाई."

"आबा, हे पोटासाठी न्हाई. शिकण्यासाठी हाय."

"लांबून बघणाऱ्याला पोतं दिसतं, पोरी. शिक्षण दिसत न्हाई. माझी नात हाडाचं पोतं घेऊन गावातनं जाणार, अन् लोक म्हंतील, बघा, काम परत घरी आलं."

आक्का रडली नाही. रडायचं खातं माझं, वस्तू उघडून बघायचं तिचं. तिनं विचारलं, "मग काय केलं तर चालंल?"

आबा चिडून म्हणाले, "ज्याचं जनावर, त्यानं आणून द्यावं. सोता. आपल्या दारात. मग घे आत खुशाल."

चुलीपुढं बसलेल्या आईनं तोंड फिरवलं. ही अट नव्हतीच. हा नकार होता, जरा बरे कपडे घालून आलेला. गावातला कोणता शेतकरी मेलेल्या बैलाचं हाड हातात घेऊन आमच्या वस्तीत येणार? पण आक्कानं ती अट अटीसारखी ऐकली. काही माणसांना नकार ऐकूच येत नाही. त्यांना त्यातलं फक्त काम ऐकू येतं.

"तुझी आई अशीच," मी मित्राला सांगितलं. कवटी दाराबाहेर आणि आम्ही दोघी आत, वरण-भात जेवत होतो.

"माहितीये," मित्रा म्हणाली. "पण मावशी, शिंग बैलाचं घेतलं हे बरोबरच होतं तिचं." आणि मग तिनं जेवता जेवता सांगितलं. वासराच्या कपाळावर आधी केसांखाली नुसता एक टणक ठिपका असतो. बोटानं हलवला तर कातडीबरोबर हलतो, कवटीशी त्याचं अजून नातं जुळलेलं नसतं. मग तो खाली कवटीला चिकटतो. आतून हाड वर यायला लागतं, वरून शिंगाचा टणक थर चढतो, नखाच्याच जातीचा. पुढं कपाळातली पोकळीसुद्धा शिंगाच्या आत शिरते. तीनशिंग्याचंही आत हाड, वर थर. लाखो नाही, कोट्यवधी वर्षांत वरचा थर गेला, हाड तेवढं दगड होऊन राहिलं.

"अन् आतलं हाड कापून पाहिलं ना," मित्रा म्हणाली, "की त्यात रेषा दिसतात. झाडाच्या खोडात असतात तशा. वाईट दिवसांत वाढ थांबते, तिथं रेष उमटते."

मी घास हातात धरून बसले. म्हणजे त्यांच्याकडंही दुष्काळ होते. कोणी टँकर पाठवत नव्हतं, तरी ते वाढत होते. थांबत होते आणि पुन्हा वाढत होते. मला त्या अगडबंब जनावरांबद्दल एकदम घरच्यासारखं वाटलं.

तर आक्का. ती दुसऱ्या दिवशी आईला भाकरी द्यायला म्हणून तलावावर गेली, मी शेपटासारखी मागं. गोविंदराव कुदळ मारत होते. हे गावातले चांगले खातेपिते शेतकरी. त्यांचा लाल्या नावाचा लाल कंधारी बैल त्या उन्हाळ्याच्या तोंडाला म्हातारपणानं आणि चाऱ्यावाचून गेला होता. गड्यांनी तो गाडीला बांधून गायरानात नेऊन टाकला. लाल्या कंधारच्या बाजारातून गोऱ्हा असताना आणलेला. दर पोळ्याला गोविंदराव त्याची शिंगं स्वतः साळायचे, धारदार पात्यानं खरवडून, गुळगुळीत करून, मग त्यावर रंग. गड्याला हात लावू देत नसत. मिरवणुकीत लाल्याची शिंगं अशी चमकायची की मागून येणारा बैल त्यात तोंड पाहून घेईल.

"मामा," आक्का म्हणाली, "तुमच्या लाल्याचं डोकं पाहिजे."

गोविंदरावांनी कुदळ खाली ठेवली. "कोण, सखारामची नात का तू? डोकं कामून पाहिजे? करणी-बिरणी करून राहिली का?"

"लातूरला प्रदर्शन हाय. शिंग कसं वाढतं ते दाखवायचंय. गावातल्या सगळ्यांत चांगल्या शिंगाचं डोकं पाहिजे."

बघा, हे 'सगळ्यांत चांगल्या' तिला कोणी शिकवलं नव्हतं. गोविंदराव हसले. "लाल्या लातूरला! मी अजून नव्या जिल्ह्याला गेलो न्हाई, अन् ह्यो चालला. पडलंय की तिकडं गायरानात. जा घेऊन. इचारायचं काय त्यात?"

"तसं न्हाई. तुमी आणून द्यायचं. सोता. आमच्या घरी."

आजूबाजूच्या पाट्या थांबल्या. आईनं पदर तोंडात धरला. गोविंदरावांचा धाकटा भाऊ पलीकडून ओरडला, "दादा, आता तू हाडं वाहणार का? मंग आम्ही काय, दोर वळायला घेऊ?" लोक खो-खो हसले. गोविंदराव हसले नाहीत.

"अन् म्या न्हाई आणलं तर?"

"तर न्हाई. लाल्या जाणार न्हाई, म्या बी जाणार न्हाई," आक्का म्हणाली. "पर ट्रक यायच्या आत ठरवा, मामा. मग लाल्याचं खत व्हईल."

संध्याकाळी घरी आल्यावर आई फक्त म्हणाली, "उद्यापासनं भाकरी म्या सोताच नेत जाईन."

त्यानंतरचे दिवस कसे गेले म्हणता? चिखल तुडवण्यात. आक्काचा लाल्यावर एवढा भरवसा की तिनं मातीची डोकी करायला घेतली. तलावाचा गाळ फुकट मिळाला, पण तो भिजवायला पाणी हवं! टँकरच्या रांगेत भांडून आणलेलं पाणी. आई म्हणायची, "माणसाला प्यायला न्हाई, अन् तुमच्या राक्षसाला आंघोळ!" शेवटी भांडी विसळलेलं पाणी आम्हाला मंजूर झालं. त्यामुळं आमच्या तीनशिंग्याला सुरुवातीला ताकाचा वास यायचा. माती मळायचं काम माझं. मी ते माझ्या स्वभावाप्रमाणं केलं, म्हणजे निम्मं.

थोराड डोकं आक्कानं केलं, आणि काय केलं! ढालीची कड, नाकावरचं ठेंगणं शिंग, डोळ्यांवरची पुढं झेपावलेली दोन लांब शिंगं. तिचे हात चालताना बघत बसावं. तरणं डोकं तिनंच केलं. पिल्लू मात्र मला दिलं. "मोठ्यासारखंच कर," म्हणाली, "फक्त लहान." मी केलं. पण माझी माती अशी मळलेली की पिल्लाची शिंगं पुढं राहीनातच. संध्याकाळी पुढं ओढून ठेवावीत, सकाळी बघावं तर मागं पडलेली, थकलेल्या शेळीसारखी. आक्का काडी लावून ती पुन्हा पुढं आणायची. "तुला साधं एक शिंग उभं करता येईना!" हे वाक्य मी पुढं लग्नकार्यातसुद्धा ऐकलं आहे.

ट्रक आज येणार, उद्या येणार असं चाललं होतं. मातीची डोकी ओट्यावर वाळत असताना आबा त्यांच्यावर सावली राहील असं बसायचे. मी एकदा पाहिलं, त्यांनी थोराडाच्या ढालीवरून तळहात फिरवला आणि लगेच मागं घेतला. माती होती ती. हाड नव्हतं. तरी.

आणि मग एका दुपारी, जेव्हा गावात सगळे सावली धरून बसलेले असतात, वस्तीच्या तोंडाशी कुत्री भुंकली. गोविंदराव येत होते. उघड्या डोक्यानं. मी त्यांना पटक्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. कपाळाचा वरचा भाग वेगळाच गोरा दिसत होता. पटका सोडून त्यात त्यांनी लाल्याचं डोकं गुंडाळलं होतं आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलं होतं. कापडातून दोन्ही शिंगं बाहेर आलेली. गायरानातून आमच्या वस्तीत यायला ओढ्याच्या कडेनं एक वाट आहे, तिथं कुणी बघत नाही. ते त्या वाटेनं आले नव्हते. चावडीसमोरून, पारावरच्या सगळ्या माणसांच्या देखत, मधून आले होते. त्यांच्यामागं पोरांची रांग होती, त्यावरूनच ते कळत होतं.

एक सांगायचं राहिलं. दोर टाकल्यापासून आबांचा एक शिरस्ता होता: गावातला कुणीही मोठा माणूस समोरून गेला तरी ते ओट्यावरून उठत नसत. रामराम करत, पण बसून. गुडघे दुखतात म्हणून सांगत. त्या दिवशी ते उठले. गुडघ्यांचं काही मध्ये आलं नाही.

"सखारामबुवा," गोविंदराव म्हणाले. याआधी ते नुसतं सखाराम म्हणत. "लाल्याला आणलंय."

"या," आबा म्हणाले. "आत आणा."

गोविंदरावांनी उंबरा ओलांडला आणि डोकं जमिनीवर ठेवलं. मग कुणालाच पुढं काय करायचं ते सुचेना, कारण याची कुणाला सवयच नव्हती. आईनं सवयीनं पाण्याचा पेला भरला, आणि भरल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण तो कुणापुढं धरलाय. पेला हातात, हात तसाच. दारात पोरांची गर्दी. गोविंदरावांनी पेल्याकडं पाहिलं, दारातल्या पोरांकडं पाहिलं.

"दुष्काळात पाणी माघारी धाडू न्हाई बाबा," ते पोरांना म्हणाले, आणि घटाघटा प्याले. "आणखी हाय का?"

आईनं आणखी दिलं. त्या दिवशी घरातलं शेवटचं पाणीसुद्धा गोविंदरावांनी पिऊन टाकलं असतं, तरी आई काही बोलली नसती.

आक्का वाटच बघत होती. तिनं लाल्याचं शिंग दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू पीळ दिला. उन्हात सुकून वरचा थर सुटलेला होता. कट् असा आवाज झाला आणि सबंध चमकदार शिंग टोपीसारखं तिच्या हातात आलं. खाली उरलं ते बरंच आखूड, खरबरीत, भोकाभोकांचं एक हाड. त्यावर रक्तवाहिन्यांच्या बारीक चऱ्या होत्या, वाळलेल्या ओढ्याला असतात तशा.

गोविंदराव उकिडवे बसले. "म्हंजी," ते म्हणाले, "इतकी वर्सं म्या टोपीलाच रंग दिला."

कुणी हसलं नाही. मग तेच हसले आणि सगळे हसले.

"मामा, शिंगावर सालागणिक वळ्या असतात म्हणे," आक्का म्हणाली. "ह्याच्यावर एक बी न्हाई."

"साळून साळून घालवल्या की. ह्यो लहान होता तवाचा मोठा दुष्काळ, मधलं बरं साल, समदं गुळगुळीत केलं दरसाली." त्यांनी आतल्या हाडावर बोट टेकवलं. "हे मातर कुणाला साळता आलं न्हाई."

लातूरच्या एसटीत आम्ही लाल्याला मांडीवर घेऊन बसलो, गोविंदरावांच्या पटक्यातच. तो त्यांनी परत नेला नव्हता. कंडक्टरनं शिंगं पाहून विचारलं, "कोण हाय?"

"बैल," आक्का म्हणाली.

"नुसतं मुंडकं? मग अर्धं तिकीट काढा." आणि काढलं नाही, हसत पुढं गेला. मातीची तीन डोकी माझ्याकडं होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर मी ती पोटाशी धरून बसले होते. काड्या पडून गेल्या आणि पिल्लाची शिंगं पुन्हा मागं गेली, ती प्रदर्शन संपेपर्यंत तशीच राहिली.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. सूर्यचुलीपुढं गर्दी, ज्वालामुखीपुढं त्याहून गर्दी, कारण तो मधूनच पेटायचा. आमच्यापुढंही लोक यायचे, ते आक्काचं ऐकायला. ती शिंगाची टोपी घालायची, काढायची, आणि प्रत्येक वेळी जणू तिलाच नवल वाटतंय असं सांगायची. आबा मागं भिंतीला टेकून उभे. नवा जिल्हा बघायला आलोय, असं ते म्हणत होते. पण जिल्ह्याकडं त्यांची पाठ होती.

एक चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांनी सगळं बघितलं, मान डोलावली, मग आक्काला गाव विचारलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी समजल्यासारखं हसू आलं. "हां," म्हणाले, "म्हणजे हाडं मिळवायला तुम्हाला अडचण आली नसेल. घरचंच काम."

आक्काच्या हातात शिंगाची टोपी होती, ती तशीच राहिली.

भिंतीकडून आबा पुढं आले. आवाज चढवला नाही. "न्हाई साहेब," म्हणाले. "मालकानं सोता आणून दिलं. डोक्यावरच्या पटक्यात. आमच्या दारात." आणि मग आक्काकडं वळून, "हां, पोरी, टोपी घाल. साहेबांना दाखव पुन्यांदा. लांबून बघितलंय त्यांनी."

बक्षीस सूर्यचुलीला मिळालं. आम्हाला परीक्षकांनी सांगितलं, कल्पना चांगली, पण पिल्लाच्या शिंगांत नीटनेटकेपणा हवा. परतीच्या एसटीत आबांनी लाल्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. दोन्ही हात शिंगांवर. चाकूर येईपर्यंत काढले नाहीत.

परवा आक्का आली माझ्याकडं, लेकीला भेटायला. नांदेडच्या कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून आता निवृत्त होऊन गावी राहते, पण जिना चढताना अजून पायऱ्यांची झीज तपासत येते. वरच्या पायरीवरच थांबली. चपलांच्या रॅकवर ते डोकं.

"हे पिल्लू?" तिनं मित्राला विचारलं.

"हो आई. अजून वयात न आलेलं. शिंगं बघ." मित्रा मांडी घालून तिथंच दारात बसली. तिच्या बोलण्याचा सारांश असा: पिल्लाला आधी नुसते कोंब असतात, मग शिंगं वाढतात ती मागं वळत, वयात येताना सरळ होतात आणि थोराडपणी पुढं झुकतात. लहानपणी कवटीची हाडं सुटी सुटी, शिवणीनं जोडल्यासारखी, वयाबरोबर ती एकजीव होतात. सुपाच्या कडेचे हे दाते पुढं चपटे होऊन मिसळून जातात. म्हातारपणी ढाल पातळ होऊन तिला भोकं पडत असावीत, असं काहीजण म्हणतात आणि काहीजण म्हणतात ती भोकंवाली जात मुळात वेगळीच. त्यावर शास्त्रज्ञांची अगदी भावकीसारखी भांडणं चालतात. "एकच जनावर," मित्रा म्हणाली, "पण प्रत्येक वयात इतकं वेगळं, की आधी लोकांना ओळखूच आलं नाही."

आक्का त्या मागं वळलेल्या शिंगांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तुझं बरोबर होतं."

"माझं नाही, मातीचं," मी म्हटलं. आयुष्यात एकदाच मी शास्त्रज्ञांच्या पुढं होते, तेही कंटाळा केल्यामुळं. पण ते वाक्य तिच्या तोंडून ऐकायला एवढी वर्षं लागली, तेव्हा मी चहा जरा जास्तच गोड केला.

आणि मला ती नववीतली आक्का दिसली, परकराला चिखल लागलेली. ती काही आजच्या आक्काची लहान प्रत नव्हती. तिचं सगळं सुटं सुटं होतं, हट्ट वेगळा, भीती वेगळी. ते एकजीव व्हायला काळ गेला, काही वर्षं थांबण्यातही गेली. आबांचंही तसंच. दोर टाकणारा तो तरणा माणूस आणि मांडीवर लाल्याला घेऊन बसलेला म्हातारा, दोघांची शिंगं वेगळ्या दिशेला. जनावर एकच.

तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. शेजारच्या वहिनी बादल्या घेऊन घाईनं निघाल्या आणि रॅकपाशी दचकल्या. "अगं बाई! हे हाडूक कुणी आणून टाकलं तुमच्या दारात?"

आक्का बोलायला गेली. पण माझी वेळ होती.

"टाकलं नाही हो वहिनी," मी म्हटलं. "आणून दिलंय. जिचं आहे तिनं, स्वतः, पाठीवर." मी वाकून ते पिल्लू दोन्ही हातांनी उचललं आणि उंबऱ्याच्या आत घेतलं.